गोष्ट अर्धीच सांगायची असते

सुमारे अडीच मिनिटांची एक मूक चित्रफीत आहे. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक लहानसं वर्तुळ इकडून तिकडे फिरत असतं. शेजारी एक आयताकृती चौकट, तिच्या बाजूचा एक तुकडा दारासारखा उघडतो-मिटतो. याहून जास्त काही नाही. चेहरे नाहीत, आवाज नाही, संगीत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही फीत विद्यार्थ्यांना दाखवली आणि काय घडलं ते लिहा, एवढंच सांगितलं. पहिल्या गटात ३४ जण होते. बहुतेकांच्या लिखाणाचा मथितार्थ असा: मोठा त्रिकोण दांडगट आहे, तो छोट्याशी मारामारी करतो, वर्तुळ भेदरून घरात लपतं, मोठा त्याच्या मागोमाग आत शिरतो, छोटा दार उघडून वर्तुळाची सुटका करतो, दोघं निसटतात आणि मोठा रागाच्या भरात घराची मोडतोड करतो. काहींना तर त्यात प्रेमाचा त्रिकोणही सापडला. नुसत्या आकृत्या आणि त्यांच्या हालचाली अशा कोरड्या भाषेत लिहिणारा निघाला फक्त एक.

म्हणजे गोष्ट कुणी सांगितलेलीच नव्हती. बघणाऱ्यांनी ती रचली, आणि आपण काही रचतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्यांना ती दिसली. मेंदूतल्या अमिग्डाला या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या एका स्त्रीला पुढे हीच फीत दाखवण्यात आली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तिचं वर्णन मात्र त्रिकोण आत गेला, वर्तुळ बाहेर आलं, अशा थाटाचं होतं. डोळे ठीक, भाषा ठीक, फक्त आकृत्यांना हेतू चिकटवणं आपसूक घडत नव्हतं. गोष्ट पडद्यावर नसते आणि कागदावरही नसते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

गोष्टीची पकड भावनेत असते असं सर्रास म्हटलं जातं. लेखनाच्या कार्यशाळांमध्येही पहिला सल्ला हाच मिळतो: वाचकाच्या काळजाला हात घाला. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी मन कारण शोधायला लागतं, दोन घटनांमधली मोकळी जागा स्वतः भरायला लागतं, आणि त्या कामात पुरतं अडकल्यावर मग भावना येते. अश्रू हवे असतील तरी सुरुवात कामाला लावण्यापासूनच करावी लागते.

हे काम नेमकं कोणतं? वाचणारा माणूस वाक्यं साठवत बसत नाही. तो वाक्यांवरून प्रसंगाचा एक चालता-बोलता आराखडा मनात उभा करतो आणि प्रत्येक नव्या वाक्याबरोबर तो सुधारत जातो. रॉल्फ झ्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेल्या प्रारूपात या आराखड्याचे पाच धागे आहेत: कोण, कुठे, कधी, कशामुळे आणि कशासाठी. नवं वाक्य आलं की हे पाचही धागे तपासले जातात. सगळे तसेच असतील तर वाक्य सुरळीत पुढे सरकतं, एखादा तुटला तर तिथे थोडा वेळ जातो. ‘क्षणभराने’ अशी सुरुवात असलेलं वाक्य झटकन वाचलं जातं. त्याच जागी ‘तासाभराने’ घातलं की वाचनाचा वेळ मोजता येईल इतका वाढतो. मनातला जुना प्रसंग गुंडाळून नवा मांडावा लागतो, त्याची ही किंमत.

आराखडा शब्दांचा नसून प्रसंगाचा असतो याचा एक छान पुरावा आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या प्रयोगात आहे. जॉन नावाचा माणूस मॅरेथॉनची तयारी करतोय. एका गटाने वाचलं की त्याने स्वेटशर्ट अंगात चढवला आणि तो धावायला निघाला. दुसऱ्या गटाने वाचलं की त्याने स्वेटशर्ट काढून ठेवला आणि तो धावायला निघाला. पुढचा मजकूर दोघांनाही सारखाच, त्यात स्वेटशर्टचं नावही नाही. जॉन तळ्याभोवती अर्ध्या वाटेवर पोचल्यावर मध्येच विचारलं, ‘स्वेटशर्ट’ हा शब्द आधी येऊन गेला का? ज्यांच्या जॉनने तो अंगात घातला होता त्यांनी लवकर ओळखलं. काढून ठेवणाऱ्यांना जास्त वेळ लागला, कारण त्यांच्या मनातला जॉन धावत पुढे गेला होता आणि स्वेटशर्ट मागे राहिला होता. मजकुरात तो शब्द दोन्हीकडे तितकाच मागे होता.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यातून एक रोखठोक गोष्ट निघते. एकाच वाक्यात जागा बदलली, वेळ बदलली आणि माणूसही बदलला, तर पाचातले तीन धागे एकदम तुटतात. वाचक तिथेच पुस्तक मिटतो किंवा बोट पडद्यावर वर सरकवतो. ‘इकडे शहरात, दोन वर्षांपूर्वी, तिच्या धाकट्या बहिणीने...’ अशी सुरुवात म्हणूनच जड जाते. निदान एक-दोन धागे चालू ठेवून बाकीचे तोडावेत: जागा बदलायची तर माणूस तोच ठेवावा, माणूस बदलायचा तर जागा तीच. मुरलेले कथाकार हे हाताच्या सवयीने करतात, कुठल्याही प्रारूपाचं नाव न ऐकता.

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येऊ. जेनिस कीनन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली वाक्यांच्या जोड्या तयार केल्या. दुसरं वाक्य कायम तेच: दुसऱ्या दिवशी जोईच्या अंगभर काळे-निळे डाग होते. पहिलं वाक्य मात्र चार प्रकारचं. एका जोडीत मोठ्या भावाने जोईला पुन्हापुन्हा ठोसे मारले. दुसरीत जोई उतारावरून सायकल पिटाळताना धाडकन पडला. तिसरीत त्याची माथेफिरू आई त्याच्यावर भयंकर संतापली. चौथीत जोई शेजारच्या घरी खेळायला गेला.

चारही जोड्यांतून काही ना काही गोष्ट निघते. पण पहिलीत कारण ताटात वाढलेलं आहे. दुसरीत किंचित जोडायचं आहे. तिसरीत आई संतापली आणि अंगावर डाग, यांच्या मध्ये जे घडलं ते कुठेही लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने स्वतः पाहायचं. चौथीत काय झालं असेल याला अंतच नाही. तिथे खेळताना पडला, शेजाऱ्यांच्या कुत्र्याने पाडलं, त्या घरात काहीतरी भलतंच घडलं, काहीही.

वाचायला लागणारा वेळ पहिल्या जोडीपासून चौथीपर्यंत चढत गेला. यात नवल नाही, अंतर वाढलं की पूल बांधायला वेळ लागणारच. खरी गंमत आठवणीत होती. नंतर विचारलं तेव्हा सर्वांत चांगल्या आठवल्या त्या मधल्या जोड्या. फार उघड कारण असलेली पहिली आणि जवळजवळ कारणच नसलेली चौथी, दोन्ही मागे पडल्या. जेरोम मायर्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली नवी वाक्यं घेऊन हाच प्रयोग केला, तेव्हाही आलेख तसाच आला: मध्ये उंच, दोन्ही टोकांना उतरता.

याचं स्पष्टीकरण असं की पहिल्या जोडीत मनाला काही करायचंच उरत नाही, म्हणून ठसाही उमटत नाही. चौथीत मन जरा चाचपडतं आणि नाद सोडून देतं. मधल्या जोड्यांत ते एक तिसरं, न लिहिलेलं वाक्य तयार करतं, आणि ते वाक्य त्याचं स्वतःचं असतं. आई संतापली आणि मुलाच्या अंगावर डाग, हे वाचताना जो शहारा येतो तो लेखकाने लिहिलेल्या शब्दांचा नसतो. तो हात वाचणाऱ्यानेच उचललेला असतो.

गोष्टी कुठे फसतात हे या आलेखावर बोट ठेवून सांगता येतं. नवशिक्या लेखकाची चूक बहुधा पहिल्या टोकाला असते: ‘आई संतापली. संतापाच्या भरात तिने त्याला बेदम मारलं. त्यामुळे त्याच्या अंगावर डाग पडले, आणि त्याला फार वाईट वाटलं.’ इथे प्रत्येक फट बुजवून टाकली आहे. पुनर्लेखनात ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘कारण’ हे शब्द शोधून काढावेत आणि प्रत्येकाला विचारावं, की हा गाळला तरी वाचक स्वतःहून तिथे पोचतो का? पोचत असेल तर शब्द काढावा. भावनेचं नाव घेणारी वाक्यं, म्हणजे ‘तो दुःखी झाला’, ‘तिला अपराधी वाटलं’, हीसुद्धा याच कात्रीत घालावीत. मी तर म्हणेन की आधी तीच घालावीत.

दुसऱ्या टोकाची चूक हुशार लेखक करतात. त्यांना वाटतं, जितकी मोठी फट तितकी कथा खोल. पण फट किती मोठी, हे कागदावर ठरत नाही. वाचणाऱ्याकडे आधीपासून काय माहिती आहे त्यावर ते ठरतं. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रयोगांत उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितली. कथेत भुतांची लढाई आहे, आणि शेवटी मरणाऱ्या माणसाच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर पडतं. मूळ समाजातल्या ऐकणाऱ्याला त्यात बहुधा काही अडलं नसतं. या वाचकांकडे मात्र तो दुवा जोडायला काहीच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? ‘कनू’ या आदिवासी होड्यांच्या जागी त्यांच्या ओळखीच्या साध्या बोटी आल्या, सीलची शिकार जाऊन साधी मासेमारी आली, भुतं पुसट होत गेली किंवा गळून पडली, आणि ते काळं काहीतरी एकाच्या लिखाणात तोंडाला आलेला फेस झालं. मनाला कारण सापडलं नाही तर ते गोष्ट सोडून देतं, नाहीतर स्वतःच्या कारणाला जुळेल अशी ती बदलून घेतं. सांगोवांगी पसरणाऱ्या बातम्यांचं जे होतं ते हेच.

फट किती मोठी ठेवायची हा एक प्रश्न, ती कुठे ठेवायची हा दुसरा. विल्यम ब्रुअर आणि एडवर्ड लिख्टेनस्टाइन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा भेद केला: घटना घडल्या तो क्रम वेगळा, सांगितल्या तो क्रम वेगळा. या दोन क्रमांच्या तफावतीतून तीन वेगवेगळ्या भावना निर्माण होतात.

एकच प्रसंग तीनदा मांडून पाहू. रात्री कुणीतरी झुलत्या पुलाचा एक दोर अर्धा कापून ठेवतो. सकाळी पोस्टमन पूल ओलांडायला लागतो. दोर तुटतो. हे तिन्ही घडलं त्याच क्रमाने सांगितलं तर ती उत्कंठा: आपल्याला दोर माहीत आहे, पोस्टमनला नाही, आणि त्याचं प्रत्येक पाऊल आपल्याला जड जातं. दोर कापल्याचं दडवून ठेवलं आणि पोस्टमन शीळ घालत चाललाय इथून सुरुवात केली, तर दोर तुटतो तेव्हा धक्का बसतो. आणि सुरुवातीलाच तुटलेला पूल आणि खाली नदीच्या काठाला अडकलेली पत्रांची पिशवी दाखवली, तर कुतूहल: काय झालं असेल? घटना त्याच, माणसं तीच. फक्त कोणती माहिती केव्हा द्यायची, एवढाच फरक.

तिन्ही भावना सारख्या टिकाऊ नसतात. धक्का एका वाक्यात संपतो आणि पुढच्या वाचनात तो उरत नाही. कुतूहल उत्तर मिळेपर्यंत चालतं, पण उत्तर किरकोळ निघालं तर मागे चीड ठेवून जातं. उत्कंठा सगळ्यात लांब ताणता येते, आणि सगळ्यात कमी माहिती दडवून. धक्क्याच्या मोहापायी दोर लपवणारा लेखक पानंच्या पानं उत्कंठा हातची घालवतो, असं मला बरेचदा वाटतं. रहस्य राखणं म्हणजे कथा रंगवणं, हा समज फार पसरलेला आहे.

बरं, शेवट माहीत असला तरी उत्कंठा वाटते हे कसं? रिचर्ड गेरिग यांनी १९८९ साली हे तपासलं. सर्वांना माहीत असलेल्या ऐतिहासिक गोष्टी, उदाहरणार्थ जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांनी अशा रीतीने सांगितल्या की ते घडेल की नाही याची शंका यावी. नंतर तेच विधान खरं की खोटं असं विचारलं. उत्कंठेचा मजकूर वाचलेल्यांना ‘खरं’ म्हणायला किंचित जास्त वेळ लागला. माहिती कुठे गेली नव्हती. पण गोष्टीत गुंतलेलं मन ती माहिती कामाला लावत नाही. ते समोरच्या फटीवरच काम करत राहतं. म्हणूनच लहान मूल तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकतानाही वाघ आला की पांघरूण डोक्यावर ओढतं.

शेवट आधीच सांगितल्याने मजा जाते की नाही, यावर संशोधकांचं एकमत नाही. २०११ साली १२ लघुकथा घेऊन केलेल्या प्रयोगांत शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या; त्यानंतरच्या काही प्रयोगांत त्याच्या विरुद्ध आलं. मला यात फारसं गूढ दिसत नाही. ज्या कथेत शेवटची एकच फट आहे ती कथा शेवट कळल्यावर मेली. जिच्यात दर पानावर फट आहे तिचं काय बिघडणार?

‘क्रमशः’च्या बाबतीतही एक जुना दाखला नेहमी दिला जातो. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली लिहिलं की अर्धवट तोडलेली कामं पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा निकाल कधी तसा आला, कधी नाही. त्याच सुमारास मारिया ओव्स्यांकिना यांनी दाखवलेली गोष्ट त्या मानाने पक्की आहे: मध्येच थांबवलेलं काम, कुणी सांगितलेलं नसताना आणि काही मिळणार नसतानाही, लोक संधी मिळताच पुन्हा हातात घेतात. मालिका लिहिणाऱ्याला खरं म्हणजे हेच हवं असतं. मागच्या भागातलं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल, माणूस परत आला पाहिजे. त्यासाठी भाग संपवताना धोक्यापेक्षा कृती अर्धी तोडलेली बरी: हात कडीवर ठेवलाय, पाकीट फोडलंय, नंबर लावलाय.

शेवट गोड लागण्यामागे शरीराचाही एक हिशेब आहे. डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात मांडलेला सिद्धांत सांगतो की भीतीने वाढलेले हृदयाचे ठोके आणि श्वास लगेच जागेवर येत नाहीत, त्यांना काही मिनिटं लागतात. दरम्यान सुटका झाली तर उरलेली ती उत्तेजना सुटकेच्या आनंदात मिसळते आणि आनंद एरवीपेक्षा मोठा वाटतो. म्हणून संकट टळणं आणि दोघांची भेट यांच्यामध्ये लांबलचक निसर्गवर्णन घालू नये. तोवर उत्तेजना ओसरते आणि भेट थंड पडते.

स्मरणाचं एक उदाहरण आकड्यांसाठी द्यायलाच हवं. गॉर्डन बाउअर आणि मिशल क्लार्क यांनी १९६९ साली विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या १२ याद्या दिल्या. एका गटाला सांगितलं, प्रत्येक यादीतले शब्द गुंफून मनात एक गोष्ट करा. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, पण नुसतं पाठ करा. प्रत्येक यादीनंतर लगेच विचारलं तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखे होते. सगळ्या याद्या संपल्यावर विचारलं तेव्हा गोष्ट करणाऱ्यांना ९३ टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना १३ टक्के. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ही गोष्ट कुणी ऐकवलेली नव्हती, ज्याची त्याने रचली होती. तयार गोष्ट ऐकवून एवढा फरक पडेल असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

तरी तसं म्हणणारे खूप आहेत. गोष्टीत गुंफलेली माहिती २२ पट जास्त लक्षात राहते, हे वाक्य व्यवसायाच्या सादरीकरणांतून वर्षानुवर्षं फिरतंय. त्यामागे प्रयोग शोधायला जावं तर हाती काही लागत नाही. ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकावर आणि आरसा-पेशींवर (स्वतः एखादी कृती करताना आणि दुसऱ्याला ती करताना पाहतानाही जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशींवर) गोष्टीची सगळी जादू ढकलून देणंही तितकंच सैल. आरसा-पेशी १९९०च्या दशकात सापडल्या त्या माकडांच्या मेंदूत, शेंगदाण्यासारखी वस्तू उचलणारा हात पाहताना. तिथून कादंबरीपर्यंतचा रस्ता लांब आहे.

मेंदूच्या अभ्यासातलं त्यापेक्षा भक्कम काम उरी हॅसन यांच्या गटाचं आहे. २०१० साली त्यांनी एका व्यक्तीला स्कॅनरमध्ये झोपवून तिच्या आयुष्यातली एक घटना, तयारी न करता, सांगायला लावली. ती ध्वनिफीत इतरांना स्कॅनरमध्येच ऐकवली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल बरीचशी सांगणारीच्या मागोमाग, काही सेकंदांनी, तशीच घडत गेली. मात्र काही भागांत ती सांगणारीच्या आधी घडत होती. ऐकणारे पुढचं ताडत होते, आणि हे ताडणं ज्यांच्यात जास्त त्यांना गोष्ट जास्त नीट समजली होती. अनोळखी भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा ही जुळणी राहिली नाही. ऐकणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे, हे इथे थेट दिसतं.

इतकं काम स्वतः केल्यावर माणूस त्या कामाबद्दल शंका घेत नाही, आणि इथून गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली वाचक गोष्टीत किती ओढला गेला हे मोजणारी १५ विधानांची प्रश्नावली बनवली. वाचताना मला त्या प्रसंगात स्वतःला पाहता येत होतं, शेवट काय होतो ते जाणून घ्यायची ओढ होती, अशी ती विधानं. मग त्यांनी वाचकांना मजकुरात जिथे काही खोटं किंवा खटकणारं वाटेल तिथे गोल करायला सांगितलं. जास्त ओढले गेलेल्यांनी कमी गोल केले, आणि त्यांची मतंही कथेच्या बाजूला जास्त झुकली. मजकूर काल्पनिक आहे असं आधी सांगितलं होतं की खरा आहे असं, याने फारसा फरक पडला नाही.

न्यायालयासारख्या ठिकाणी हे किती महागात पडू शकतं ते नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी दाखवलं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नकली ज्युरीसमोर एका खुनाच्या खटल्याचा पुरावा मांडला. सरकारी बाजूचा पुरावा घटनाक्रमाने आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने मांडला, तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवलं. उलट केलं, म्हणजे बचावाला घटनाक्रम आणि सरकारी बाजूला साक्षीदारांचा क्रम दिला, तेव्हा ३१ टक्क्यांनी. पुरावा तोच. ज्या बाजूची गोष्ट मनात सहज बांधली गेली, ती खरी वाटली.

सहज बांधलं जाणं आणि संभाव्य असणं यांत आपली अशीच गल्लत होते. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं होतं: उत्तर अमेरिकेत कुठेतरी मोठा पूर येऊन हजारावर माणसं बुडतील, याची शक्यता किती? दुसऱ्या गटाला विचारलं: कॅलिफोर्नियात भूकंप होऊन त्याने पूर येईल आणि हजारावर माणसं बुडतील, याची किती? दुसरी घटना पहिलीच्या पोटातच येते, ती जास्त संभाव्य असूच शकत नाही. तरी दुसऱ्या गटाचा अंदाज वरचा निघाला. भूकंपाने पुराला कारण पुरवलं होतं. एखादी अफवा तपशीलवार असते म्हणून जास्त पटते तेव्हा हेच घडत असतं. खरं तर प्रत्येक वाढीव तपशिलाबरोबर ती खरी असण्याची शक्यता कमीच होत जाते.

अशा वेळी स्वतःपुरता एक उपाय करता येतो, कंटाळवाणा आहे पण चालतो. पटलेली हकीकत कागदावर नुसत्या घटनांच्या यादीत उतरवायची, ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ न वापरता, एका ओळीत एक घटना. मग प्रत्येक दोन ओळींमधला दुवा कुणी पुरवला ते पाहायचं: सांगणाऱ्याने पुराव्यासकट, की आपणच? आपण पुरवलेल्या दुव्यांची संख्या अनेकदा चकित करणारी निघते.

दुसऱ्याच्या मनातली चुकीची गोष्ट दुरुस्त करणं मात्र त्याहून कठीण, आणि तिथे नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून भागत नाही. होलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांच्या १९९४ च्या प्रयोगात लोकांनी एका गोदामाला लागलेल्या आगीच्या बातम्या एकामागून एक वाचल्या. सुरुवातीला कळलं की एका कपाटात तैलरंगांचे डबे आणि गॅसच्या टाक्या निष्काळजीपणे ठेवल्या होत्या. पुढच्या एका बातमीत स्पष्ट दुरुस्ती होती: ते कपाट रिकामं होतं. लोकांनी दुरुस्ती वाचली, विचारल्यावर ती सांगितलीही. तरी धूर इतका काळा का होता, स्फोट कशाने झाले, असं विचारलं की उत्तरात रंग आणि गॅस येतच राहिले. कपाट रिकामं म्हटल्याने आगीचं कारण नाहीसं झालं होतं, आणि कारण नसलेल्या आगीपेक्षा चुकीचं कारण असलेली आग मनाला जास्त सोयीची होती. आणखी एका गटाला दुरुस्तीबरोबर दुसरं कारण दिलं: कुणीतरी मुद्दाम आग लावल्याच्या खुणा आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंध्या सापडल्या आहेत. या गटात मात्र रंग आणि गॅसचा उल्लेख चांगलाच कमी झाला.

घरातल्या गटावर फिरणाऱ्या एखाद्या खोट्या निरोपाला उत्तर देताना म्हणूनच पहिल्या ओळीत ‘अफवा आहे’ लिहून थांबू नये. तो फोटो खरा कुठला, कधीचा, त्या दिवशी तिथे काय घडलं होतं आणि तो या निरोपाला कुणी व का चिकटवला असावा, यातलं जेवढं पक्कं ठाऊक असेल तेवढं त्याच निरोपात लिहावं. ठाऊक नसेल तर शोधून मग उत्तर द्यावं, दोन तास उशिरा का होईना.